बाबांना मंत्रालयातून परत बोलाव

प्रिय ताई,

मी साताऱ्याची. सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं, आता अमेरिकेत ओहायोत जे-१ वर (प्रशिक्षण-संशोधनासाठी येणाऱ्यांचा व्हिसा) इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं विशेष प्रशिक्षण, करतेय. जूनअखेर दुसरं वर्ष संपेल. नवरा आधी माझ्यामागे जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, आला. वर्षभराने त्याला इथल्याच विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळालं आणि तो स्वतःच्या जे-१ वर गेला. मुलगी आठ महिन्यांची आहे, जन्म इथलाच. रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं भारतात राहायची अट आहे आणि ती माफ करून घ्यायला 'नोरी' सर्टिफिकेट लागतं, असं ऐकलं. त्यासाठी माझे बाबा (निवृत्त शिक्षक, वय ६९) तीनदा मंत्रालयात जाऊन आले, येत्या मंगळवारी पुन्हा निघालेत. पुण्यातला एक एजंट ऐंशी हजारांत काम करून देतो म्हणतोय. नवरा म्हणतो, भारताचं नाव यादीतून निघालंय, म्हणजे मी तरी मोकळा. कुणी म्हणतं, मुलगी अमेरिकन आहे, तिच्यावरच सूट मिळेल. आणि रात्री झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. येताना मी परत येईन असं सही करून दिलं होतं. मी शब्द मोडतेय का?

क., ओहायो

प्रिय क.,

आधी बाबांना फोन कर आणि मंगळवारची मुंबईची खेप रद्द करायला सांग. एजंटला एक रुपयाही देऊ नका. बाकीचं त्यानंतर शांतपणे वाच.

तुझ्या कामात नोरीचा काहीही उपयोग नाही. आजच्या आज सगळ्या सह्या-शिक्के होऊन ते पत्र हातात पडलं तरी नाही. नोरी म्हणजे या व्यक्तीवर भारतात परतण्याचं बंधन नाही आणि तिला सूट द्यायला आमची हरकत नाही, असं आपल्या सरकारने लिहून देणं. सूट मागण्याचा तो एक रस्ता आहे खरा. पण जे डॉक्टर रेसिडेन्सी किंवा फेलोशिपसाठी (रेसिडेन्सीपुढचं उपविषयाचं प्रशिक्षण) जे-१ वर आले, त्यांना तो रस्ता अमेरिकेच्या कायद्यानेच बंद केलेला आहे. म्हणजे एजंट तुला जे विकतोय ते अगदी खरं निघालं तरी तुझ्या फाइलला लावता येणार नाही. सकाळच्या गाडीने जायचं, पासाच्या रांगेत उभं राहायचं आणि 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परतायचं, हे ६९ वर्षांच्या माणसाने तीनदा केलं. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. चौथी खेप तरी वाचू दे.

घोटाळा होतो, कारण अट एकच असली तरी ती लागण्याची कारणं तीन आहेत आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला सांगत सुटतात. एक कारण पैशाचं. तुमच्या कार्यक्रमाला अमेरिकेच्या किंवा आपल्या सरकारचा पैसा असेल, जसा फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवाल्यांना असतो, तर अट लागते. दुसरं कारण यादीचं. तुमच्या देशाला ज्या कौशल्यांची गरज आहे त्यांची एक यादी अमेरिकेचं परराष्ट्र खातं ठेवतं. तिसरं कारण तुझं, डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचं. १० जानेवारी १९७७ नंतर ज्यांनी रेसिडेन्सी-फेलोशिपसाठी जे-१ घेतला, त्या सगळ्यांना ही अट आहे. पैसा कुणाचा आणि यादीत काय, याच्याशी तिचा संबंध नाही.

तुझा नवरा ज्या यादीबद्दल बोलतोय ती ही दुसऱ्या कारणाची. ९ डिसेंबर २०२४ ला नवी यादी आली आणि भारताचं नाव तिच्यातून पूर्ण गेलं. हा बदल मागच्यांनाही लागू आहे. आधी आलेले आणि केवळ यादीमुळे अडकलेले आपले हजारो संशोधक त्या एका दिवशी मोकळे झाले. तुझा नवरा नुसता पोस्टडॉक म्हणून थेट आला असता, तर तोही झाला असता.

पण तो आधी तुझ्यामागे जे-२ वर आला होता. इथे खरी मेख आहे. जे-१ वर जी अट असते ती जे-२ वर आलेल्या नवऱ्याला, बायकोला आणि मुलांनाही चिकटते. पुढे त्याने स्वतःचा जे-१ घेतला म्हणून ती सुटत नाही. त्याच्या नव्या डीएस-२०१९ वर (जे-१ व्हिसासाठी मिळणारा पात्रतेचा कागद) खाली डाव्या कोपऱ्यात 'अट लागू नाही' अशी खूण असेलही, कारण ती खूण करताना बहुधा त्याच्याच कार्यक्रमाकडे पाहिलेलं असतं. ती खूण आणि पासपोर्टमधल्या व्हिसावरची ओळ, दोन्ही प्राथमिक मतं आहेत. शेवटचा शब्द सूट मागणारे अर्ज तपासणाऱ्या, परराष्ट्र खात्याच्या वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनचा. त्यांना सगळ्या डीएस-२०१९ च्या प्रती पाठवून 'अॅडव्हायजरी ओपिनियन', म्हणजे अट लागू आहे की नाही याबद्दलचं त्यांचं मत, मागता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. विद्यापीठाने त्याच्यासाठी एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डचा अर्ज टाकायच्या आधी हे व्हायलाच हवं. नाहीतर जुनी जे-२ ऐन वेळी बाहेर येईल आणि अर्ज फेटाळला जाईल.

जे-२ ची सूट वेगळी मागता येत नाही. घटस्फोट झाला किंवा जे-१ वाला वारला, तरच त्याचा स्वतंत्र विचार होतो. तुला सूट मिळाली की त्यालाही मिळते. तेव्हा तुमच्या घरातल्या दोन्ही कुलपांची किल्ली एकच आहे आणि ती तुझ्या हातात आहे. त्याच्यासाठीही नोरी काढायच्या मागे लागू नका.

नोरी कुणाला लागते तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत तशी मंडळी असतील. डॉक्टरी प्रशिक्षण सोडून दुसऱ्या कामासाठी जे-१ वर आलेले आणि सरकारी पैशामुळे अटीत सापडलेले, त्यांना. त्यांना दिल्लीचं शिक्षण मंत्रालय, आपल्या राज्य सरकारचा गृह विभाग आणि पासपोर्ट कार्यालय यांच्याकडून हरकत नसल्याची पत्रं लागतात. त्यानंतर इथला आपला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनला पत्र धाडतो. वेळ लागतो, पण एजंट लागत नाही. फुलब्राइटवाल्यांनी मात्र फार आशा धरू नये. अमेरिकी सरकारने स्वतः पैसा घातलेला असेल तर नुसत्या हरकत नसल्याच्या पत्रावर शिफारस क्वचितच होते.

आता तुझ्या मुलीबद्दल. ती अमेरिकन नागरिक आहे, म्हणून 'असाधारण हालअपेष्टा' या कारणावर आय-६१२ अर्ज करता येतो, एवढं खरं. पण तिथे दोन्ही बाजू सिद्ध कराव्या लागतात. ती तुझ्याबरोबर भारतात आली तर तिच्यावर काय ओढवेल, आणि तुझ्याशिवाय इथे राहिली तर काय ओढवेल. दोन्हीकडे जे ओढवेल ते नेहमीच्या ताटातुटीपेक्षा, नेहमीच्या ओढाताणीपेक्षा फार मोठं असायला हवं. ज्या बाळाला असा आजार आहे की त्याचे उपचार भारतात मिळत नाहीत, त्याच्या आईबापांनी जरूर चांगला वकील गाठावा. तुझी लेक ठणठणीत आहे, साताऱ्याला तिचे आजोबा वाट बघतायत. ती आनंदाची गोष्ट आहे, तिच्या जोरावर अर्ज करू नकोस. नाकारला गेला तर वर्ष गेलेलं असेल आणि तुझ्याकडे वाया घालवायला वर्ष नाही.

छळाचं कारण देऊनही सूट मागता येते, पण ते तुला लागू नाही. ओ-१ व्हिसा (असाधारण कर्तृत्व असलेल्यांसाठीचा) अट न फेडताही मिळू शकतो, मात्र त्याने अट संपत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. आणि दोन वर्षं कॅनडात काढून ती फिटते असं जे रेसिडेंट्सच्या खोलीत बोलतात, ते चूक आहे. तुला ती भारतातच काढावी लागतील. सलग नको, तुकड्यातुकड्याने चालतात, पण दिवस भारतातले हवेत.

तुझा रस्ता कॉनराडचा आहे. १९९४ साली नॉर्थ डाकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांनी हा कायदा करून घेतला, कारण त्यांच्या राज्यातल्या लहान गावांना डॉक्टर मिळत नव्हते. सुरुवातीला प्रत्येक राज्याला वर्षाला २० डॉक्टरांची शिफारस करता यायची, २००२ पासून ३०. ज्या भागात डॉक्टरांची टंचाई असल्याचं सरकारने ठरवलंय, तिथे एच-१बी वर आठवड्याला किमान ४० तास, पूर्ण तीन वर्षं काम करायचं. त्याच्या बदल्यात दोन वर्षांची अट माफ. तीसपैकी दहा जागा राज्याला अशा दवाखान्यांनाही देता येतात, जे स्वतः टंचाईच्या भागात नाहीत पण तिथले रुग्ण बघतात. या एच-१बी ला लॉटरी नाही (एरवी तो सोडतीने मिळतो), हा मोठा दिलासा.

मी याच रस्त्याने गेले, तेही नॉर्थ डाकोटातच. तेव्हा जे आधी कळायला हवं होतं ते तुला सांगते.

इथे सूट आधी आणि नोकरी मग असा क्रम नसतो. आधी नोकरी, मग करार, मग त्या नोकरीसाठी सूट. अर्ज तुझ्या नावाचा असला तरी राज्याचं आरोग्य खातं शिफारस करतं ती 'अमुक गावाला हा डॉक्टर हवाय' म्हणून. राज्यांचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. काही राज्यांच्या तीसही जागा सुरुवातीच्या काही आठवड्यांत भरतात, काहींच्या वर्ष सरलं तरी उरतात. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. कुणाला आधी अमेरिकन डॉक्टर शोधून मिळाला नाही याचा पुरावा लागतो, कुणी प्राथमिक आरोग्यसेवेच्या डॉक्टरांना आधी घेतं. तू इंटर्नल मेडिसिनची आहेस, ही तुझी जमेची बाजू आहे. जून संपायची वाट बघू नकोस, नोकऱ्या आत्तापासून शोध. सप्टेंबरच्या मध्याला सही झालेला करार तुझ्या हातात हवा.

फेलोशिप करायची असेल तर तेही आत्ताच ठरव. प्रशिक्षणाच्या जे-१ ला साधारण सात वर्षांची मर्यादा आहे, तुझी निम्मीसुद्धा संपली नाहीत. पण एकदा सूट देण्याची शिफारस झाली की जे-१ ला मुदतवाढ मिळत नाही. म्हणून हृदयरोग किंवा किडनी मनात असेल तर आधी ते, मग कॉनराड. तीन वर्षं गावात काढून पुन्हा प्रशिक्षणाकडे वळलेले थोडेच पाहिलेत मी.

कागदांचा प्रवास असा. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर डीएस-३०३५ भरायचा, त्याची फी १२० डॉलर. त्यावर तुला केस नंबर मिळतो. तो पुढे जाणाऱ्या प्रत्येक पानावर घाल, अगदी करारावर आणि बायोडाटावरसुद्धा. पूर्ण संच राज्याच्या आरोग्य खात्याकडे जातो, तिथून शिफारस वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनकडे, तिथून इमिग्रेशनकडे. शेवटी मंजुरीची नोटीस येते. मग रुग्णालय तुझा एच-१बी भरतं. त्याला त्या राज्याचा परवाना लागतो आणि यूएसएमएलईची (डॉक्टरांच्या परवान्यासाठीची अमेरिकी परीक्षा) स्टेप ३ पास असावी लागते. बाळंतपणात स्टेप ३ मागे पडली असेल, तर उन्हाळ्यात उरकून टाक. सूट मिळाल्यापासून नव्वद दिवसांत कामावर हजर व्हायचं असतं, तेव्हा परवान्यासाठी थांबून राहणं परवडत नाही.

आता करार. इथे मी तुझा हात धरून बसवते, कारण मला याचा चटका बसलाय. माझ्या अर्जात एका गावाचं क्लिनिक लिहिलं होतं. सहा महिन्यांनी प्रशासनाने मला दोन दिवस चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या क्लिनिकला पाठवायला सुरुवात केली. ते गाव माझ्या कागदांत नव्हतं. मी नवी, घाबरलेली, नाही म्हणायची सोय नाही असं समजून तीन आठवडे गेले. एका थोरल्या सहकाऱ्याने सांगितलं, अगं, तुझे ते दिवस धरले जाणार नाहीत आणि चूक तुझ्यावर येईल. मग मी लेखी नकार दिला. काही बिघडलं नाही, पण त्या तीन आठवड्यांत झोप गेली ती गेलीच.

म्हणून कामाची जागा पत्त्यासकट करारात असू दे, एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्या. तास लिहिलेले असू देत आणि ऑन-कॉल त्या चाळिसांत धरलाय की वेगळा, हे विचार. नोकरी सोडल्यावर आसपास काम करायचं नाही असं कलम असेल तर काढायला लाव. बऱ्याच राज्यांत तसा करार चालतच नाही. मध्येच सोडल्यास अमुक लाख डॉलर भर असं कलम असतं, तो आकडा डोळ्यांखालून घाल. रुग्णालयाचा वकील चांगला माणूस असला तरी तो रुग्णालयाचा वकील. तू तुझा वेगळा घे. एजंटला द्यायला निघालेले ऐंशी हजार त्या कामी लाव, सगळी फी त्यात भागणार नाही, पण पैसे सत्कारणी लागतील.

तीन वर्षं पुरी झाली नाहीत तर दोन वर्षांची अट पुन्हा डोक्यावर येते, हे दोघांनीही लक्षात ठेवा. दवाखाना बंद पडला किंवा तुझ्यावर खरोखर अन्याय झाला, तर दुसऱ्या टंचाईच्या जागी बदलून जाता येतं, पण ते इमिग्रेशनला पटवून द्यावं लागतं. आणि सूट म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे. तुझा एच-१बी झाला की नवऱ्यापुढे एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल, त्यावर लगेच काम करता येत नाही. त्यामुळे तुझी सूट मंजूर झाल्या झाल्या विद्यापीठाने त्याचा एच-१बी भरावा, हे त्याने आत्तापासून बोलून ठेवलेलं बरं. विद्यापीठांनाही लॉटरी नसते.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. त्याला मी टाळणार नाही.

हो, तू शब्द दिला होतास. जे-१ वर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरसाठी आपलं आरोग्य मंत्रालय पत्र देतं. त्यात म्हटलेलं असतं की देशाला या विषयातल्या डॉक्टरांची गरज आहे आणि या व्यक्तीने प्रशिक्षण संपल्यावर परत येण्याची लेखी हमी दिली आहे. आम्ही सगळे ते पत्र एक सोपस्कार म्हणून घेतो. तुला ते टोचतं, याचा मला तुझ्याबद्दल आदर वाटतो. कायद्याने तू काही चुकीचं करत नाहीस. हमी लिहून घेणाऱ्या याच व्यवस्थेने सूट मिळवण्याचा दरवाजाही ठेवलाय आणि तो फुकट उघडत नाही, तीन वर्षं घेतो. पण त्या तीन वर्षांनी फिटतं ते एका अमेरिकी गावाचं. सरकारी कॉलेजात ज्या फीमध्ये तू शिकलीस, वॉर्डातल्या ज्या रुग्णांवर तुझा हात बसला, त्यांचं त्यातून काही फिटत नाही. मला विचारशील तर मलाही ते आजपर्यंत फिटल्यासारखं वाटत नाही.

म्हणून सूट मागायच्या आधी एक संध्याकाळ दोघं बसा आणि परत जाण्याचा विचार खराखुरा करा, पराभव म्हणून नव्हे. दोन वर्षं साताऱ्यात किंवा पुण्यात. तिथे तुझं काम असेल, बाळाला आजोबा असतील. दोन वर्षांनी अट पूर्णपणे फिटलेली असेल. मग लहान गाव शोधायची सक्ती नाही आणि तुमच्या दोघांच्या कागदांवर कसलाही डाग नाही. तिकिटं, पासपोर्टचे शिक्के, पगाराच्या पावत्या मात्र जपून ठेवायच्या. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने हेच केलं आणि दोन वर्षांसाठी गेले ते तिथेच राहिले. तुम्ही राहालच असं नाही. पण हा पर्याय मांडून, तोलून मग बाजूला ठेवला, तर रात्रीची झोप परत येईल असं मला वाटतं. न बघताच बाजूला ठेवलेली गोष्ट उशाशी येऊन बसते.

मी परत गेले नाही. माझ्या गावात माझ्याआधी अकरा महिने डॉक्टर नव्हता. पहिल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तपासणीनंतर मला बटाट्यांचं पोतं आणून दिलं आणि मला माझ्या आजोळचे लोक आठवले, डॉक्टरांच्या दारात शेंगा आणून ठेवणारे. ते काम मी मनापासून केलं. तरीही तुला 'इथेच राहा' असं सांगायचा अधिकार मला नाही. बाबांनी तीन फेऱ्या का मारल्या, हे एकदा त्यांना विचार. तू इथे राहावीस म्हणून, की तुझी काळजी मिटावी म्हणून? या दोन्हींत फरक आहे आणि तो तुला त्यांच्याच तोंडून कळायला हवा.

आणि त्यांनी मंत्रालयात तुझ्या मूळ गुणपत्रिका किंवा पदवीचं प्रमाणपत्र ठेवून घेऊ दिलेलं नाही ना, तेवढं याच फोनमध्ये विचारून घे. दिलं असेल तर ते परत आणायला एक फेरी मात्र मारावी लागेल. ती त्यांना एकट्याला मारू देऊ नकोस, कुणा तरुण भाच्या-पुतण्याला सोबत पाठव.

तुझी,
ताई